खालचा ओठ

९ जानेवारी

सहा दिवस. ओठ बसवून पुरते सहा दिवस झाले नाहीत आणि आज सोसायटीच्या फाटकाच्या उतारावर घासला. खर्रर्र असा आवाज आला आणि कळ माझ्याच दाढेत गेली. उतरून बघितलं तर मधोमध चार बोटं लांबीचा पांढरा ओरखडा.

गॅरेजवाला त्या पट्टीला ओठच म्हणतो. पुढच्या बंपरखाली लावायची काळी पट्टी. दोन्ही टोकांना जमिनीपासून नऊ सेंटीमीटर, मध्ये हनुवटीसारखी पुढे आलेली, तिथे सात. आधी स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली आणि त्यावर हा ओठ. दोन वर्षं मनात होतं.

बायको म्हणाली, "घासणारच होती तर खाली केलीस कशाला?"

तिला काय सांगणार? दिवसभर मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवतो. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, तोच त्या कामाचा गुण. या गाडीकडे मात्र माणसं मान वळवून बघतात. काल सिग्नलला एकाने काच खाली करून "वा!" म्हटलं. बायकोला सांगितलं असतं तर हसली असती. म्हणून इथे लिहितो.

१२ जानेवारी

गॅरेजवाल्याकडे ओरखडा घासून, रंग मारून घेतला. म्हणाला, "साहेब, सरळ कशाला चढवता? तिरकी घ्या. एक चाक आधी चढवा, मग दुसरं. सरळ गेलात तर ओठ आहे तो, जमिनीचा मुका घेणारच." आणि आपल्याच विनोदावर हसत बसला. मला हसू आलं नाही.

१५ जानेवारी

जमलं! संध्याकाळी फाटकातून पूर्ण तिरकी घेतली. उजवीकडून सुरुवात करून डावीकडच्या भिंतीपर्यंत. कान खालच्या आवाजाकडे लावून बसलो होतो. काही नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी आत. भिंतीलगत कुणीतरी चालत होतं, पिशवी पडल्यासारखा आवाज आला, पण मान वळवली असती तर चाक चुकलं असतं. लोकांना रस्त्यात चालायचं भान नसतं.

पार्किंगमध्ये ओठाखाली आडवा पडून मोबाइलच्या उजेडात तपासलं. नखभरही खूण नाही. तेवढ्यात अण्णा आले, उभं राहून काहीतरी बोलत होते. मी हं म्हटलं. अण्णांचं काही ना काही चालूच असतं.

जेवताना पाहिलं तर त्यांच्या कोपराला पट्टी. बायकोने बांधली होती. विचारलं तर म्हणाले, "पडलो." वडिलांचं वय चौऱ्याहत्तर, तरी रोज दोन वेळा फिरायला जायचा हट्ट. किती वेळा सांगितलं, टेकडीकडे जाऊ नका. आज ताटावरून उठेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखा रुसतो म्हणतात, ते खरंय.

२५ जानेवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

कामावरून आलो तर फाटकाच्या आत गतिरोधक! काळ्या-पिवळ्या रबराचा, अर्ध्या अर्ध्या मीटरचे सहा तुकडे बोल्टने जमिनीत ठोकलेले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चालायची पट्टीसुद्धा सोडलेली नाही. गाडी बाहेर रस्त्यात उभी करून पट्टीने उंची मोजली. साडेसात सेंटीमीटर.

माझी हनुवटी सात!

अर्धा सेंटीमीटर मुद्दाम ठेवलाय. कुणीतरी माझी गाडी मोजून हा प्रकार केला आहे.

सेक्रेटरीकडे गेलो. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"रहिवाशाचा लेखी अर्ज होता. कमिटीने पास केला."

"कुणाचा अर्ज?"

"नाव सांगायचं नाही असं ठरलंय. तुमचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे."

माझा स्वभाव! नऊ वर्षं राहतोय इथे, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि माझा स्वभाव!

२ फेब्रुवारी

उपाय सापडला आहे, पण तो उपाय म्हणजे रोजची वरात. दोन जाड फळ्या करून घेतल्या. गतिरोधकाच्या अलीकडे हातभर अंतरावर त्या ठेवायच्या, पुढची चाकं त्यांवर चढली की ओठ उचलला जातो आणि वरून पार होतो. चाक फळीवर सरळ यायला हवं, म्हणून बायको समोर उभी राहून हाताने खुणा करते. लेकीलाही उतरवतो. ती उतरली की पुढची बाजू दोन मिलिमीटर वर येते. मोजलं आहे.

लेक म्हणाली, "बाबा, मी डबा खाल्ला नाही तर मला आत बसू देशील?"

आठ वर्षांची आहे, पण बोलणं बघा. मी हसलो. बायको हसली नाही. मागे तीन गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि ती वाकून फळ्या उचलत होती. म्हणाली, "माझी शाळेची बस सुटते रे या सगळ्यात." ती शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, दहा मिनिटांनी काही आभाळ कोसळत नाही. पण माणूस अडचणीत असला की घरचेच आधी कुरकुरतात.

१० फेब्रुवारी

अर्ज कुणाचा ते कळलं. म्हणजे कुणी सांगितलं नाही, मीच ताडलं. तळमजल्यावरचे भिंगकाका. खिशात भिंग ठेवतात आणि सूचनाफलकावरचा प्रत्येक कागद स्वल्पविरामासकट वाचतात. आज सकाळी गतिरोधकाजवळ वाकून बोल्ट बघत होते. चोर स्वतःच्या पावलांनी आला.

मी गाडीतून उतरलो. दातओठ खात होतो, तरी आधी नीट विचारलं. "काका, हे तुमचं काम ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे अण्णा फिरून येत होते. काका म्हणाले, "काम चांगलं झालंय, एवढं मात्र म्हणतो."

मग माझा तोल गेला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण हे आठवतं, "तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून दुसऱ्याच्या वाटेत धोंडे टाकत बसता." फाटकाशी आठदहा माणसं थबकली होती. काकांनी भिंग खिशात ठेवलं. दोनदा ठेवलं, पहिल्यांदा खिसा सापडला नाही. वळून बघतो तर अण्णा जिन्याकडे निघून गेलेले. बापाने अशा वेळी मुलाच्या बाजूने उभं राहायला हवं की नको?

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण त्यांनीच भाग पाडलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

दुपारी अडीच. ऊन रणरणत होतं, सगळी सोसायटी जेवून लवंडलेली. पाना घेऊन गेलो आणि डाव्या भिंतीकडचे दोन तुकडे काढले. सात मिनिटं लागली. जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत फळ्यांखाली ठेवले.

हिशोब पक्का होता. दोन तुकडे म्हणजे एक मीटर. डावी चाकं भिंतीला चिकटून न्यायची, हनुवटी मोकळ्या जागेतून जाते, उजवं टोक नऊ सेंटीमीटरवर आहे, ते गतिरोधकाच्या वरून जातं. गेलं. एकदा आत, एकदा बाहेर, पुन्हा आत. आवाज नाही.

कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. अन्याय झाला की तो आपला आपण निस्तरावा लागतो.

२० फेब्रुवारी

सेक्रेटरीने फलकावर लावलं आहे की "अज्ञात व्यक्तीने" तुकडे चोरले, नवे मागवले आहेत, महिना लागेल. मी उभा राहून नीट वाचलं. शेजारी भिंगकाकाही भिंगातून वाचत होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

२७ फेब्रुवारी

त्या एक मीटरच्या मोकळ्या जागेतून आता सगळ्या स्कूटर घुसतात. सामान पोचवणारे तर वेगही कमी करत नाहीत. आज माझी गाडी भिंतीशी लावत होतो तर एक जण मधूनच सुसाट. मी ओरडलो. वाट मी करायची आणि मिरवायचं यांनी!

बायको भाजीच्या पिशव्या मागच्या सीटवर ठेवत होती. म्हटलं, डिकीत ठेव. ती डिकी उघडून उभी राहिली, मग बंद केली आणि म्हणाली, "तिथे जागा नाही." जागा आहे की. पण म्हटलं वाद नको. घरी आल्यावर पिशव्या एकटीनेच उचलून वर नेल्या. फळ्यांचं काम संपलं तरी हिचा राग काही संपत नाही.

७ मार्च

भिंगकाकांना स्कूटरने उडवलं. फाटकाशी, भिंतीलगत. मनगट मोडलं.

मी कामावर होतो, सहा वाजता कळलं. त्या स्कूटरवाल्याला पकडून ठेवलं होतं, त्याच्यावर मी असा काही खेकसलो की सेक्रेटरीने मला मागे ओढलं. आंधळा आहेस का? माणूस दिसत नाही? तो रडवेला होऊन म्हणत होता, "साहेब, तिथे मोकळं होतं म्हणून घातली."

मोकळं होतं म्हणून! मोकळं दिसलं की घालायची?

लिहून ठेवतो. त्याने वेग कमी ठेवला असता तर काही झालं नसतं. काकांनीही बघायला हवं होतं. माझा संबंध एवढाच, की... जाऊ दे. जेवलो.

१० मार्च, रविवार

बायको म्हणाली, काकांना बघून येऊ. मी टाळत होतो. तिने चप्पल घातली आणि दारात उभी राहिली, म्हणून गेलो.

काका खुर्चीत, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टर मी रोज हाताळतो. कडेला फार जाड झालं होतं, तेच बघत राहिलो. काका म्हणाले, "या, बसा." काकू पाणी घेऊन आल्या. पेला टेबलावर ठेवला, म्हणजे आपटला.

मी म्हणालो, "त्या स्कूटरवाल्यावर तक्रार करायला हवी. लोकांना काही शिस्तच..."

"पुरे!" काकू म्हणाल्या. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "शिस्त तुम्ही शिकवणार? भर फाटकात माझ्या नवऱ्याला निपुत्रिक म्हणून हिणवलंत. का, तर अर्ज यांनी केला म्हणून. यांनी केलाच नव्हता तो!"

"अगं, राहू दे," काका म्हणाले.

"का राहू दे? तुम्ही शब्द दिला असेल, मी नाही दिला." त्या आत गेल्या, कागद घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर टाकला. "यांनी फक्त सोबत सही केली आहे. वाचा. भिंग हवंय का?"

वाचायची गरज नव्हती. अर्जाखाली आकृती काढलेली होती. फाटक, उतार, दोन्ही भिंती, सगळं मापात. माप लिहिताना सातच्या पोटात आडवी रेघ. अण्णा पस्तीस वर्षं पाणीखात्यात नकाशे काढत होते. लहानपणी माझ्या वह्यांवर नाव घालायचे ते याच अक्षरात.

फाटकातून एक तुटक रेघ तिरकी निघून डाव्या भिंतीला भिडत होती. तिच्यावर लिहिलं होतं, "मोटारीचा मार्ग". रेघ भिंतीला जिथे भिडते तिथे एक बारीक फुली, आणि फुलीपाशी, "मी. दि. १५ जानेवारी, सायं. ६.१०." खाली ओळ होती, "गतिरोधक भिंतीपासून सुरू करावा, म्हणजे बाजूने गाडी काढता येणार नाही."

मोटार कुणाची ते कुठेही लिहिलं नव्हतं.

त्याच दिवशी, पुढे

वर आलो. अण्णा गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"अर्ज तुम्ही केलात?"

"हो."

"पोटच्या मुलाविरुद्ध?"

"फाटकासाठी केला. त्यात कुणाचं नाव नाही."

"मला सांगता आलं नाही? एका घरात राहतो आपण!"

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी. तू गाडीखाली आडवा होतास. मी म्हटलं, अरे, आत्ता तुझ्या गाडीने मला भिंतीला चेपलं असतं. तू म्हणालास, हं."

"मला ऐकू आलं नसेल."

"म्हणून लिहून दिलं. तुला नाही, ज्यांना वाचता येतं त्यांना."

मी काय ओरडलो ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. म्हणालो, तुम्हाला माझं कधी काही आवडलंच नाही. दहावीचे मार्क नाहीत, नोकरी नाही, गाडी नाही. म्हणालो, एवढं होतं तर मी भिंगकाकांना बोलत होतो तेव्हा तोंड का शिवून घेतलंत? मागे उभे होतात ना?

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ती चूक माझी," म्हणाले. "तू पुन्हा काही बोलशील म्हणून मी जिना चढून वर आलो. तुझीच भीती वाटली मला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो, तर ते म्हणाले, राहू द्या, मुलगा आहे."

मी दार आपटून खाली आलो आणि गाडीत बसून राहिलो. कुठे गेलो नाही. बापाला माझी भीती वाटते, हे मला या वयात, या शब्दांत ऐकवलं त्यांनी. माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतका राग आहे की लिहिता येत नाही. आणि कोपराच्या पट्टीबद्दल मी काय लिहिलं होतं, ते मागे जाऊन वाचलं. टेकडीकडे जाऊ नका म्हणे.

१४ मार्च

चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. लेक सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवते.

आज बायको म्हणाली, "डिकीतलं कधी काढणार आहेस?"

मी म्हटलं, "काय डिकीतलं?" लगेच कळलं की हे बोलायला नको होतं.

"पंधरा दिवस वाट बघतेय मी. काका पडले त्या दिवशी वाटलं, आज तरी हा बोलेल. तू जेवलास आणि झोपलास."

"माहीत होतं तर तू का नाही बोललीस?"

ती लेकीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली. "रोज सकाळी लोकांसमोर वाकून तुझ्या फळ्या उचलल्या. लेकीला उतरवली. म्हटलं, हे एक तरी याने आपण होऊन करू दे. मी बोलले असते तर त्यांचा हात शाबूत असता. आता ते माझ्याही डोक्यावर बसलंय, तुझ्यामुळे. मला तुझं तोंड बघवत नाहीये."



१७ मार्च, रविवार

सकाळी नऊला भिंगकाकांची बेल वाजवली. मुद्दाम सगळ्यांच्या येण्याजाण्याची वेळ धरली. दुपारची नको होती. दारातच सांगितलं, तुकडे मी काढले, डिकीत आहेत. आणि त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल काय म्हणायचं ते पाठ करून गेलो होतो, ते निम्म्यात विसरलो.

काका म्हणाले, "आधी बसवून टाका. बाकीचं मग बघू."

आतून काकू म्हणाल्या, "आणि तो चहा मागेल तर नाही म्हणावं."

मी चहा मागितला नव्हता.

फाटकाशी गुडघे टेकून बसलो. बोल्टच्या भोकांत माती भरली होती, लॅबमधली बारीक पिन आणली होती तिने कोरून काढली. लोक थांबत होते, विचारत होते, सापडले का तुकडे? दर वेळी सांगावं लागलं. मीच नेले होते. अकरा जणांना सांगितलं. सेक्रेटरीने ते लेखी मागितलं, तेही दिलं. स्कूटरवाल्याचा नंबर त्याच्याकडून घेतला. त्याला भेटून जे बोलायचं आहे ते अजून जमवलेलं नाही.

पहिला तुकडा बसवला आणि डोक्यावर सावली पडली. अण्णा, हातात त्यांची जुनी स्टीलची पट्टी.

"उलटा बसवलास," म्हणाले.

"बरोबर आहे."

"पिवळं आधी येतं. बघ बाकीचे."

उलटाच होता. पुन्हा काढला. ते पट्टी धरून भिंतीपासून माप सांगत राहिले, मी बोल्ट पिळत राहिलो. दहा तारखेनंतर आमचं एवढंच बोलणं. सव्वा अकराला काम संपलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा तुकडे, बोट घालायला फट नाही.

"आता गाडी आण," अण्णा म्हणाले. "बसलंय का नीट, कळू दे."

गाडी मी सकाळीच बाहेर रस्त्यावर काढून ठेवली होती. डिकीतल्या फळ्या काढल्या नाहीत. बाहेरून वळून गाडी उतारावर घेतली आणि पाहिलं तर अण्णा डाव्या भिंतीला पाठ लावून उभे. त्यांनी फुली मारली होती तिथेच. काच खाली केली.

"अण्णा, बाजूला व्हा!"

"मी बाजूलाच आहे."

"बाजूला व्हा म्हणतोय ना!" माझा आवाज नेहमीसारखाच चढला.

"ही चालणाऱ्यांची बाजू आहे," ते म्हणाले, आणि हलले नाहीत. पट्टी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. म्हणजे भीती वाटतच होती.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सरळ घेतली. खाली काय वाजलं ते फाटकाबाहेरच्या लोकांनी ऐकलं असेल. मी अण्णांकडे बघत होतो.